भौत पुरानी बावली

गाइड मुनीरनं छोटा माइक तोंडाशी नेला, उजवा हात लांब केला आणि सुरुवात केली, "देखो बच्चो, ये बावली भौत पुरानी है. बरसों कचरे में पडी थी, किसी ने पूछाइच नै."

त्याचा हात विहिरीकडे होता. पण हात आणि विहीर यांच्या बरोबर मधोमध सखूआजी उभी होती.

"कोणाला बावळी म्हणायलास रे?" ती कडाडली. "आणि कचऱ्यात कोण पडलं होतं? माझा लेक रेल्वेत हाय, विचार जा कोणाला बी!"

दिलसुखनगरच्या धम्मवर्गाची ती सगळी पोरं अशी काही हसली, की कठड्यावरची कबुतरं उडाली. हसता हसता खोकला लागलेल्या नातवानं, आदर्शनं, आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, बावली म्हणजे विहीर गं! पायऱ्यांची विहीर. तुला नाही म्हणाला तो."

"मग विहीर म्हणावं की सरळ. आमच्यात बारव म्हणतात बारव."

लग्न झाल्यापासून हैदराबादेत तिचा उभा जन्म गेला होता. भाजीवाल्याशी दखनीत घासाघीस करावी तर तिनंच. पण घरात नळ होता, त्यामुळे बावलीशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. मुनीरनं बिचाऱ्यानं दोन्ही कान पकडले.

"माफ करना अम्मा. ऐसी बावली पैले देखे क्या आप?"

"देखी ना. हमारे गाव में थी. उपर से देखी."

"अंदर नै उतरे?"

"उतरने नै देते थे बाबा हमकू." हवापाण्याबद्दल बोलावं तसं तिनं सांगून टाकलं आणि मग पोरांकडे वळून मराठीत सुरू झाली, "आम्ही काठावर बसायचं. खालून पाणी भरून वर येणाऱ्या बायांची वाट बघायची. कोणाला दया आली तर ती वरूनच आमच्या घागरीत ओतायची, शिवाशिव नको म्हणून. त्या बाया म्हणायच्या, खालचं पाणी कसं बर्फावानी गार असतं. आमच्या घागरीत पडेस्तोवर त्याला ऊन लागायचं. ते खरंच गार असतं, का त्या थापा मारत होत्या, एवढं मला एकदा बघायचंय. त्याच्यासाठी आलेय मी आज."

पोरांचं हसू थांबलं. त्रिवेणी नावाची चुणचुणीत मुलगी होती, तिनं उगीच आजीचा पदर सारखा केला.

"आई," सुमेधा पुढे आली. ही सखूआजीची सून, रेल्वेतल्या गौतमची बायको, आणि धम्मवर्गही तीच चालवायची. आवाज नरम होता, पण वर्गातला होता. "आपलं काय ठरलंय? तुम्ही वर बाकावर बसायचं. दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गौतमना मी शब्द देऊन आलेय."

"तू दिलास. मी कुठं दिला?"

तरी ती मुकाट्यानं बाकावर जाऊन बसली. तिचं ते मुकाट्यानं बसणं सुमेधाला मुळीच आवडलं नाही. पण पोरं पायऱ्या उतरायलाही लागली होती, त्यामुळे आदर्शला आजीजवळ बसवून ती त्यांच्यामागे धावली.

सिकंदराबादच्या त्या दाट वस्तीत, कपड्यांच्या दुकानांच्या आणि चहाच्या टपऱ्यांच्या मागे ही एवढी खोल जागा असेल, हे बाहेरून कुणाला खरं वाटलं नसतं. लोकांनी वर्षानुवर्षं कचरा टाकून ती बुजवली होती. आता उकरून मोकळी केली होती. खाली तीन मजली कमानी, कमानींच्या आत अंधारे सज्जे आणि तळाशी हिरवंगार पाणी. मुनीरचा आवाज आतून घुमत वर येत होता. खोदताना सापडलेली मडकी, एक गंजलेलं कुलूप, कुणाचा तरी पितळी अडकित्ता, असं काहीबाही तो दाखवत होता.

"आदर्शा, मला फक्त एक पायरी उतरून दे."

"आजी, मम्मी मला कच्चं खाईल."

"एक रे. एका पायरीनं काय होतंय?"

आदर्शनं खाली पाहिलं, मग आजीकडे. ही घागरीची गोष्ट त्यानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की हल्ली ती सुरू झाली की तो फोन काढायचा. आज फोन त्याच्या हातात नव्हता.

"एकच हां."

सखूआजीनं चपला काढल्या, कापडी पिशवी खांद्याला अडकवली, लुगडं सावरलं आणि सरळ पहिल्या पायरीवर बूड टेकवून बसली. मग दोन्ही हात टेकून घसरत दुसरीवर आली. मग तिसरीवर.

"आजी! एक म्हणाली होतीस!"

"मी चालत कुठंय? बसलेलीच हाय की. बसायचंच ठरलं होतं नाही का?"

पहिल्या सज्ज्यातून त्रिवेणीनं ते पाहिलं आणि टाळ्या पिटायला सुरुवात केली. "आजी! आजी! आजी!" सगळ्या कमानी घुमू लागल्या. सुमेधा बाहेर आली, वर बघते तर सासू तान्ह्या लेकरासारखी पायऱ्या घसरत येत होती. ओरडायला तिनं तोंड उघडलं. पण सखूआजीचा चेहरा घामानं डबडबलेला आणि हसून हसून लाल झालेला होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं तो असा कधी पाहिला नव्हता. तिनं तोंड मिटलं, डोळे पुसले आणि आदर्शला म्हणाली,

"उजवीकडून धर त्यांना. उजवा गुडघा नवा आहे."

शेवटच्या पायऱ्यांपुढे साखळी लावलेली होती. मुनीर आजीच्या पुढे उलटा चालत उतरत होता. त्यानं साखळी पाहिली, आजीकडे पाहिलं आणि साखळी काढून बाजूला ठेवली.

"आओ अम्मा. पीना नक्को हां, बस हात लगाना."

सखूआजी पाण्याच्या कडेला बसली. तिनं आधी एक बोट बुडवलं, मग मनगटापर्यंत हात घातला, मग बांगड्यांसकट कोपरापर्यंत.

"अगं बाई!" ती केवढ्यानं तरी ओरडली. "गारच हाय की गं! खोटं नव्हत्या बोलत मेल्या!"

पोरांनी जो कल्ला केला, तो वर रस्त्यावरही ऐकू गेला असेल. त्रिवेणीनं बूट भिरकावले आणि आजीच्या शेजारी बसून पाण्यात हात घातला. तिच्यामागे बाकीचे आले. पाणी उडालं, किंकाळ्या झाल्या. मुनीर "आराम से, आराम से" म्हणत स्वतःच भिजला. आजीनं पिशवीतून स्टीलचा तांब्या काढला आणि बुडबुड आवाज करत भरला. सकाळी निघताना सुमेधानं विचारलं होतं, बाटल्या असताना तांब्या कशाला? तेव्हा ती नुसतं "असू दे" म्हणाली होती.

आदर्श मात्र वरच्या पायरीवरच थांबला होता. शूज नवे होते, पांढरे. तो उकिडवा बसला, शर्ट भिजू नये म्हणून कोपरं अंगाशी घेतली, ओंजळ पुढे केली.

"आजी, मला इथंच ओत ना. वरून."

सखूआजीनं हसत तांब्या उचलला, ओंजळीवर धरला आणि तिचा हात तिथंच थांबला. ती त्या ओंजळीकडे बघत राहिली. जोडलेली बोटं, तांब्याला लागू नयेत म्हणून जराशी मागे घेतलेली. पाणी येण्याची वाट बघणारी मान.

तिनं तांब्या सगळाच्या सगळा विहिरीत उलटा केला.

"आजी?"

"शूज काढ."

"अगं, पण..."

"काढ म्हणते ना! इथं ये. माझ्या बाजूला बस आणि आपल्या हातानं घे."

असा आवाज आदर्शनं घरात कधी ऐकला नव्हता. त्यानं निमूटपणे शूज काढले, मोजे काढले, खाली येऊन तिला चिकटून बसला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. आजीनं त्याचा दंड धरून ठेवला होता.

"गार हाय का?"

"लई गार हाय," तो तिच्यासारखंच म्हणाला. ती खदखदून हसली.

सुमेधाही साडी खोचून खाली आली होती. जरा वेळानं मुनीरनं घड्याळ दाखवलं, तशी पोरं उठली. वर जायला आजीला दोन्हीकडून धरावं लागणार होतं. रिकामा तांब्या तिनं पदरानं पुसला आणि पिशवीत टाकला.

"आजी," त्रिवेणी म्हणाली, "घरी न्यायला आणला होता ना? मग भरून नाही घेत?"

"कशाला गं?" सखूआजीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "वाटलं की येईन मी खाली."