थोरल्या दिरांची होडी

पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यात बदली झाल्याचा कागद हातात पडला, तेव्हा नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. बेटावर लाँच जायची दिवसातून दोनदा. सकाळची दहाला सुटायची आणि परतीची तीनला. दवाखाना मात्र आठला उघडायचा.

जेवताना हा विषय निघाला आणि थोरले दीर पटकन म्हणाले, "माझी होडी आहे की! नुसती धक्क्याला बांधून पडलीय. धाकटीने घ्यावी. मोटरसकट देतो."

नर्सबाई घरात धाकटी. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी धाकटीच. तिने भीतभीत विचारलं, "भावजी, एकदा मिस्त्रीला दाखवून घेऊ या का?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मिस्त्रीला? तुझा दीर देतोय, कुणी बाजारातला माणूस नाही."

नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. झालं. होडी ठरली, पैसे दिले गेले, थोरल्यांनी चावी ठेवावी तशी मोटर चालू करायची दोरी तिच्या हातात ठेवली.

मोटर होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी अडकवलेली. रंग उडालेला, नाव पुसलेलं. पहिल्याच आठवड्यात ती तीनदा बंद पडली. शेवटी धाकटी गुपचूप मिस्त्रीकडे गेली. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि जुना वर्गमित्र भेटावा तसा हसला. "बाई, ही अजून जिवंत आहे? हिचे पार्ट बनायचे बंद होऊन जमाना झाला. पाणी खेचायचा पंप गेलाय. तापली की बसणार. थंड झाली की उठणार, तेही मर्जी असली तर."

तिने घरी सांगून पाहिलं. थोरले पेपरमधून मान न काढता म्हणाले, "मोटर चांगली आहे. हात बसायला हवा."

ते वाक्य घरात फारच आवडलं. दूध उतू गेलं, की नवरा म्हणायचा, "हात बसला नाही अजून!" इस्त्रीने कॉलर जळली, तरी तेच. सगळे हसायचे, तीही हसायची. हसली नसती, तर चिडकी ठरली असती. एप्रनच्या खिशात थर्मामीटरशेजारी ती मोटरचा प्लग आणि पाना ठेवू लागली. दोरी ओढून ओढून उजवा खांदा रात्रंदिवस ठणकायचा. बेटावरची माणसं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून वाट पाहायची आणि ती आली, की काहीच बोलायची नाहीत. ते तिला जास्त लागायचं.

मग बेटावर डोळे तपासायचं शिबिर लागलं. थोरल्यांना अलीकडे अंधुक दिसायचं. "मी दहाच्या लाँचने येतो," ते म्हणाले.

"घरची होडी असताना लाँच कशाला?" सासूबाई म्हणाल्या. थोरल्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

सकाळी सातला दोघं निघाले. थोरले होडीत बसले ते दोन्ही हातांनी दोन्हीकडचे काठ घट्ट धरून. निम्मी खाडी ओलांडली, मोटर खोकली, धूर सोडला आणि गप्प झाली. धाकटीने दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा. ओहोटीचं पाणी होडीला बाजूला ओढत होतं. होडीत वल्हं एकच होतं. ते मारलं, की होडी जागच्या जागी फिरायची.

"भावजी, दुसरं वल्हं कुठंय? तुम्ही एकच दिलंत."

"होतं," ते म्हणाले. "गेलं."

होडी गाळाच्या उंचवट्यावर चढली आणि थांबली. बघता बघता भोवतालचं पाणी सरलं. ढकलावं म्हणून धाकटीने पाय खाली टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला. थोरल्यांनी तिला दंडाला धरून वर ओढलं; चप्पल खालीच राहिली.

धक्क्यावर उभी माणसं दिसत होती. कुणीतरी हातही हलवला. तिने फोन लावला. धक्क्यावरचा तिकीटवाला म्हणाला, "भरती आल्याशिवाय तिथे कुणी पोचत नाही, बाई. दोन वाजतील. बसून राहा."

बसून राहिले. ऊन चढू लागलं. होडीत पाण्याची एक बाटली आणि बिस्किटांचा पुडा होता. दवाखान्यात आज एक नववा महिना लागलेली येणार होती, दोन ड्रेसिंगवाले, शिवाय शिबिराची गर्दी. तिने पुन्हा दोरीला हात घातला.

"नको ओढूस," थोरले म्हणाले. "ती नाही चालू होणार. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

ते गाळाकडे पाहत बोलू लागले. "गेल्या वर्षी अशीच बंद पडली. खाडीच्या तोंडाशी. वल्हं हातातून निसटलं. दिवसभर समुद्राकडे वाहत गेलो. रडलो मी, मोठमोठ्याने. संध्याकाळी एका मच्छीमाराने ओढून आणलं. घरी सांगितलं, मित्राकडे गेलो होतो. त्यानंतर आजच पाय ठेवला हिच्यात."

"मग मला का दिलीत?"

"डोळ्यांसमोर नको होती."

"बाहेर विकायची."

"बाहेरच्याने मोटर तपासून घेतली असती."

धाकटीने दोरी खाली टाकली. "म्हणजे मी तपासणार नाही, हे धरून चालला होतात."

"तू बोलणार नाहीस, हे माहीत होतं," ते म्हणाले, आणि चेहरा ओंजळीत लपवला.

पुढचे चार तास त्या सहा पावलांच्या होडीत दोघं समोरासमोर बसून होते. पाठ फिरवावी, तर होडी कलंडायची. तिने बिस्किटांचा पुडा फोडला आणि अर्धी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली. "घरी सांगाल?" तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

अडीचला पाणी आलं, एका होडीवाल्याने त्यांना ओढून परत धक्क्याला लावलं.

घरी नवरा दारातच हसला. "काय, हात बसला नाही वाटतं?"

थोरले नळाखाली पायांचा गाळ धूत होते. धाकटी त्यांच्याकडे पाहत थांबली. "भावजी, सांगा."

"ओहोटी होती," ते म्हणाले, आणि पाय धूतच राहिले.

मग तिनेच सांगितलं. उभ्याउभ्या, एक शब्द न गाळता. तिला वाटलं होतं, कुणी तिला खोटं ठरवेल, आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. सगळ्यांना पटलं. सासूबाई म्हणाल्या, "सुखरूप आलात ना? मग आता उगाळत बसू नका." नवरा हळूच म्हणाला, "आता दादाला परत घ्यायला लावू का होडी? कसं दिसेल ते?" आणि पानं वाढली गेली.

रविवारी तिने पाना घेतला, दोन्ही स्क्रू सोडवले आणि हातगाडीवाल्याला सोबत घेऊन मोटर घरी आणली. थोरल्यांच्या खोलीत, पलंगाशेजारी ठेवली. फरशीवर काळं तेल ओघळलं.

"अगं, ही काय जागा आहे?" सासूबाई ओरडल्या.

"भावजी, मोटर तुमची," ती म्हणाली. "होडी माझी."

थोरल्यांनी ती तिथून हलवली नाही, हलवायला सांगितलंही नाही. त्यांच्या खोलीला पेट्रोलचा वास लागला, तो लागलाच.

धाकटीने सुताराकडून वल्ह्यांची जोडी करून घेतली. मोटर चालायची तेव्हा वीस मिनिटांत होणाऱ्या वाटेला आता दीड तास लागे. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. बदलीचा अर्ज दोनदा परत आला. एका सकाळी ती डबा भरत असताना थोरले दारात येऊन म्हणाले, "भरती-ओहोटी बघून निघत जा. त्रास कमी होईल." घरात उभं राहून त्या होडीबद्दल त्यांनी सांगितलेली पहिली खरी गोष्ट होती ती. तिने मान डोलावली. पण दवाखाना आठलाच उघडायचा, पाणी कुठल्याही बाजूला धावत असलं तरी.

त्या दिवशीही पाणी उलटं होतं. मध्यावर तिने हाताला रुमाल बांधायला वल्ही क्षणभर सोडली, तेवढ्यात होडी मागे, घराच्या दिशेने सरकू लागली. तिने दातांनी गाठ आवळली आणि वल्ही उचलली.