हवेत म्हणजे कुठे?

फ्रिजवाल्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे उकिडवा बसला आणि तांब्याच्या बारीक नळीला कटर लावून पहिला वेढा दिला. तीस वर्षांत अशा हजारो नळ्या कापल्या असतील. हाताला काही विचारावं लागत नव्हतं.

"त्या नळीत काय असतं हो?"

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. बाई खुर्ची ओढून त्याच्या पाठीशीच बसल्या होत्या आणि मटार सोलत होत्या.

"गॅस. थंड करणारा. कॉम्प्रेसर बदलायचा तर आधी तो सोडून द्यावा लागतो."

"कुठे सोडता?"

"हवेत."

"हवेत म्हणजे कुठे?"

घ्या! दुकानात ऐकून आलो ते कमी होतं म्हणून इथेही तेच. गेला महिनाभर त्याचा धाकटा भाऊ हाच प्रश्न विचारत होता. दोन दिवसांचं कसलंसं प्रशिक्षण घेऊन आला आणि स्वारीला शिंगं फुटली. एक जुनं मशीन आणलं, एक रिकामा सिलेंडर आणला. जुना गॅस हवेत सोडायचा नाही, जग तापतं म्हणे. तो मशीनने सिलेंडरमध्ये ओढून घ्यायचा. म्हणजे प्रत्येक फ्रिजमागे अर्धा तास जादा, आणि दारात गिऱ्हाइकाची आदळआपट.

आज सकाळी दुकानात त्यावरूनच दोघा भावांची खडाजंगी झाली.

"अरे, जगाचा ठेका तू घेतलायस का? गावातले सगळे सोडतात. आपल्या एका नळीने काय उजेड पडणार?"

"गावाचं मला माहीत नाही, दादा. पण तू सोडतोस ते मला बघवत नाही. या महिन्यानंतर मी वेगळा बसतो."

वेगळा! वडील गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता. दादानेच त्याला वाढवला, नळी जोडायला डाग कसा द्यायचा ते हात धरून शिकवलं. तो एका फुसकुलीपायी वेगळा होणार?

"अहो, मी काय विचारलं?" बाई म्हणाल्या. वर्गातली सवय, उत्तर आल्याशिवाय पोराला खाली बसू द्यायचं नाही.

"हवेत म्हणजे... हवेत. सगळ्यांच्याच."

बोलता बोलता बोटांनी कटरला शेवटचा वेढा दिला. फुस्स!

"अगंबाई! चाललं का ते?"

"चाललं."

"सगळं?"

दादाने पक्कड उचलली आणि नळी करकचून दाबली. आवाज थांबला. आपण हे काय केलं, असं वाटून तो स्वतःच पक्कडीकडे बघत राहिला. जरा सैल केली तर बारीक शिट्टी यायची. पुन्हा दाबली.

"आता?" बाईंच्या डोळ्यांत केवढं कुतूहल!

"आता... माझ्या वरच्या खिशातला फोन काढा. 'धाकटा' म्हणून नंबर आहे."

बाईंनी फोन लावला. "तुमच्या दादांनी नळी धरून ठेवली आहे. गॅस जाऊ नये म्हणून. तुम्ही लवकर या."

पलीकडून, "कोणी धरलीये म्हणालात?"

बाईंनी फोन दादाच्या कानाला लावला.

"मशीन घेऊन ये," दादा खेकसला. "आणि गाडी हळू चालव."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दहा मिनिटांत मनगट भरून आलं. वीस मिनिटांत बोटं आपली वाटेनात.

"एवढ्याशा गॅसने असं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"एका फ्रिजचा गॅस सोडला, की गाडी हजारभर किलोमीटर पळवल्याइतकं नुकसान. धाकटा सांगतो. मला थापा वाटायच्या."

"आणि आता?"

"आता हात इतका दुखतोय, म्हणजे खरं असणार."

बाई हसल्या. मग मटारचं ताट बाजूला ठेवून खाली बसल्या. "द्या इकडे. थोडा वेळ मी धरते."

"अहो, तुम्हाला कसं जमेल?"

"दोन हात आहेत मला. सरका."

धाकटा मशीन घेऊन धापा टाकत आला, तेव्हा फ्रिजमागे बाई दोन्ही हातांनी पक्कड दाबून बसल्या होत्या आणि दादा त्यांना "डावीकडे नको, सरळ, सरळ" असं सांगत होता. धाकट्याने पटकन पक्कड आणि फ्रिज यांच्यामधल्या नळीवर, ती टोचून गॅस बाहेर घेणारा वॉल्व्ह बसवला, नळीचं उघडं टोक क्लॅम्पने आवळलं, पाइप जोडला, मशीन सुरू केलं.

"सोडा आता, बाई."

बाईंनी हात झटकले. मशीन घरघरत राहिलं. दादा आपली बोटं एकेक करून उघडत-मिटत होता.

"हे असलं दुसरं मशीन कुठे मिळेल?" त्याने विचारलं.

धाकट्याची मान खाली गेली. "मी हे घेऊन जाणार, म्हणून?"

"नाही. एका वेळी आपण दोघं दोन ठिकाणी असतो, म्हणून."

धाकटा नळीत किती गॅस उरला ते दाखवणाऱ्या मशीनच्या काट्याकडे बघत बसला. काटा शून्यावर येऊन बराच वेळ झाला होता.