खाटेचे चार मुक्काम

पोस्टर कसं करायचं हे मला कुणी शिकवू नये. अशोका गार्डन भागात तेवीस वर्षं माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या, जाहीर आभार. अर्ध्या भोपाळची तोंडं मी खांबांवर टांगली आहेत. त्यामुळे नणंदेची मानसी पीएचडीचं पोस्टर घेऊन आली, तेव्हा मी चष्मासुद्धा लावला नाही.

"मामी, फक्त प्रिंट काढून हवंय," ती म्हणाली.

"दहा पावलं मागे जा आणि मला वाचून दाखव."

तिला स्वतःचं शीर्षकही वाचता येईना. चार फुटी कागदावर पोरीने अख्खा प्रबंध ओतला होता. अकरा आलेख, तीन तक्ते आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा एक फोटो.

"हे पोस्टर नाही, पोथी आहे," मी म्हटलं. "काय सापडलं ते दोन वाक्यांत सांग."

तोंड एवढंसं झालं तिचं, पण सांगितलंन. मंडीदीपला एका कारखान्याची कामगारांसाठी चाळ आहे. बेचाळीस खोल्या, सगळ्यांवर पत्रा. रात्रपाळीवाले तिथे दिवसा झोपतात. गेल्या उन्हाळ्यात मानसीने चार पत्र्यांना पांढरा चुना लावून घेतला, तर दुपारी त्या खोल्या पाच अंशांनी कमी तापल्या. आता रविवारी तिच्या कॉलेजात पोस्टरांचं प्रदर्शन होतं आणि कारखान्याच्या मॅनेजरबाई बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर उरलेल्या अडतीस पत्र्यांना मार्चमध्ये चुना. नाही म्हटलं तर मानसीचं संशोधन अर्धवट, आणि त्या माणसांचा आणखी एक उन्हाळा पत्र्याखाली.

"एवढंच ना? बस, चहा घे."

तासाभरात पोस्टर तयार. वर मोठ्ठा पाचाचा आकडा, मध्ये चाळीतल्या एका बाईंचा फोटो आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणारा जाडजूड हिरवा बाण, पत्रा कसा तापत जातो ते दाखवायला. मानसी खूश. मी तर होतेच.

फोटोतल्या लीलावतीबाईंना दाखवल्याशिवाय मात्र ती छापू देईना. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मंडीदीपला गेलो. लीलाबाई मूळच्या पांढुर्ण्याकडच्या, नऊ वर्षं रात्रीच्या पॅकिंगला. हात पुसत बाहेर आल्या आणि पोस्टर नीट न्याहाळलं.

"मस्त हाय जी," त्या म्हणाल्या. "म्हणजे आमचा कारखाना चांगला चाललाय, असंच ना?"

मानसी माझ्याकडे बघायला लागली. लीलाबाईंचं काय चुकलं? हायवेवरच्या प्रत्येक फलकावर हिरवा बाण वर चढतो आणि खाली विकास लिहिलेलं असतं. त्यातले निम्मे बाण मीच चढवलेत. सवयीने हात गेला आणि आगीला मी प्रगतीचा रंग दिला. तेवीस वर्षांचा तोरा बाईंनी एका वाक्यात उतरवला. खोटं कशाला बोलू, राग आला मला, आणि तो माझाच आला.

"मग तुम्हीच सांगा लीलाबाई, ऊन कसं दाखवायचं?"

"त्यात काय दाखवायचं?" म्हणत त्यांनी खाट पायाला धरून ओढली. उन्हाळ्यात सकाळी सातला पाळीवरून आल्या की खाट खिडकीशी. दहाला तिथे पत्रा तापला की पलीकडच्या भिंतीला. बाराला मोरीजवळ, तिथे ओल असते म्हणून. दोनला सरळ बाहेर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. जमिनीवर खाटेचे ओरखडे पडले होते. "तीनदा उठते जी. झोपेचे नुसते तुकडे."

"आणि चुन्याच्या खोलीतली ती मालती?" मानसीने विचारलं.

"ती? ती घोरते. उन्हाळाभर मला इथवर ऐकू आलं."

मानसीने वही काढली. "मामी, मी सगळं मोजलं," ती म्हणाली, "आणि खाट मोजलीच नाही." मग संध्याकाळपर्यंत ती दारोदार हिंडली. साध्या पत्र्याखाली खाट दिवसातून तीनदा-चारदा हलायची. चुन्याच्या चारही खोल्यांत ती जागची हलली नव्हती.

घरी येऊन मी हिरवा बाण पुसून टाकला. नव्या पोस्टरवर फक्त दोन खोल्या, वरून दिसतात तशा. डावीकडच्या खोलीत एकच खाट चार जागी, प्रत्येक जागेपाशी घड्याळातली वेळ, खाली 'लीलावतीबाई, रात्रपाळी' एवढंच. उजवीकडे एक खाट, एका जागी. डावीकडे चव्वेचाळीस अंश, उजवीकडे एकोणचाळीस. आलेख तळाशी एका पट्टीत, ज्याला हवेत त्याने वाकावं.

"एवढी जागा रिकामी सोडायची?" मानसीला राहवेना.

"ती डोळ्यांना बसायला आहे. भरू नकोस."

रविवारी मॅनेजर अनुराधा मॅडम आल्या त्या फोन कानाला लावूनच. पहिली चार पोस्टरं त्यांनी चालता चालता मागे टाकली. आमच्यापाशी पाय थांबले. मी मानसीला बजावून ठेवलं होतं, त्या बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मॅडमनी बोट ठेवत खाटा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग फोन पर्समध्ये गेला.

"दिवसा चार ठिकाणी झोपून ही बाई रात्री कामाला कुठे जाते?"

"तुमच्याकडे, मॅडम," मानसी म्हणाली. "पॅकिंगला."

मॅडमनी पुन्हा एकदा डावीकडची खोली पाहिली.

"अडतीस पत्रे ना?" त्या म्हणाल्या. "मार्चअखेर करून देते."

मे महिन्यात एक दिवस दुपारी दोनला मानसीचा फोन आला. चाळीतूनच बोलत होती.

"मामी, तापमान घ्यायला आलेय, पण लीलाबाई दार उघडत नाहीयेत. तीनदा वाजवलं. टाकीपाशीही नाहीत."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "खिडकीतून बघ आधी."

फोनवर तिची पावलं ऐकू आली. मग ती अगदी हळू बोलली.

"झोपल्यात, मामी. गाढ."

"मग दार काय वाजवत बसलीस, गाढवे? चल, निघ तिथून."