बिनखुणेची चकती

दहाव्या चकतीलाही बरोबर मधोमध खड्डा पडला तेव्हा मी जागच्या जागी उडी मारली. चौतिसाव्या वर्षी, अंगात डिझाइन विभागाचा पांढरा कोट असताना. मामाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," तो म्हणाला. "अर्धवट दाराची चाचणी राहिलीय अजून."

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ आणि आमच्या तोफांच्या कारखान्याचा मुख्य तपासनीस. घरी माझे नको तेवढे लाड करणारा हा माणूस चाचणीच्या खोलीत मला ओळखही दाखवत नाही. त्याची रीत साधी आहे. तोफेत दारूगोळा भरायचाच नाही. नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतुसाची ठोक्याने पेटणारी टोपी येते, तिथे तांब्याची बटणाएवढी चकती बसवायची, मागचं जाडजूड दार लावायचं आणि दोरी ओढायची. हातोडी सुटते, दारातल्या पिनेवर बसते, पिन चकतीवर आदळते. खड्डा खोल आणि मधोमध पडला तर पास.

पण माझा सगळा जीव अडकला होता तो पुढच्या चाचणीत. दार लोटलं, पण त्याची मूठ पूर्ण फिरली नाही, तर दार अडकत नाही. अशा वेळी बार उडाला तर दारच मागे उडतं. जुन्या यंत्रणेला याचं काही सोयरसुतक नव्हतं, दोरी ओढली की ती ठोका मारायचीच. मी चार वर्षं घासून नवी बनवली होती. मूठ शेवटपर्यंत फिरल्याशिवाय तिची हातोडी पिनेपर्यंत पोचतच नाही, आडव्या पोलादी कड्यावर आपटते.

तीस वर्षांपूर्वी बाबा आणि मामा एकाच तोफेवर होते. बाबा दार लावत होते. मूठ अंगठाभर राहिली होती, आणि दोरी मामाने ओढली. तेव्हापासून बाबांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत, आणि ते आमच्या कारखान्याचं भांडार सांभाळतात. त्या दिवसाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. मामा तर नाहीच.

आज चार वाजता मामाचा कागद वर जायचा होता. चाळीस नव्या तोफांवर माझी यंत्रणा, नाहीतर तीच जुनी. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मामाने नवी चकती ठेवली, दार धाडकन लोटलं, मूठ अंगठाभर कमी फिरवली आणि दोरी ओढली. हातोडी कड्यावर खणकन आपटली. काय गोड आवाज होता तो. मग मामाने चकती काढून भिंगाखाली धरली, आणि त्याचा चेहरा पडला.

"टिंब आहे," तो म्हणाला.

मी भिंग हिसकावून घेतलं. बारीकसं, पण होतं. मामाने कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांब," मी त्याचा हात धरला. "हातोडी पोचलीच नाही, आवाज ऐकलास ना तू. एकदा दोरी न ओढता करून बघ."

त्याने हात सोडवून घेतला, पण नवी चकती बसवली. दार धाडकन लोटलं. दोरीला कुणी हात लावला नाही. चकती काढली तर तेच टिंब, तिथेच. मी हसतच सुटले. चूक माझीच होती, पण सापडली होती. दार आपटून थांबत होतं आणि आतली मोकळी पिन त्याच झोकाने पुढे जात होती. तिला मागे धरायला एक मऊ स्प्रिंग हवी होती, एवढंच.

मी पळत भांडारात गेले. "बाबा, पिनेवरून सरकेल अशी स्प्रिंग हवीय. बोटभर लांब, मऊ."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी खण उघडून स्प्रिंग काढली आणि मुठीत धरली. "चिठ्ठी?"

"बाबा, पंचेचाळीस मिनिटं उरलीत."

"मग पळ."

असा राग आला म्हणून सांगू. पोटची पोर समोर धापा टाकतेय आणि यांना सहीची चिठ्ठी हवी. पळत परत आले, उभ्याउभ्या चिठ्ठी खरडली. मामाने सही केली तर चाचणी चालू राहणार होती, नाही केली तर तिथेच संपणार होती. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

"मऊ म्हणजे किती? आकडा लिही."

मी तळहातावर हिशेब केला आणि आकडा लिहिला. त्याने सही केली.

स्प्रिंग बसली. पुन्हा दहा ठोके, खड्डे केसभर उथळ, तरी पास. अकरावी चकती ठेवतोय तोच बाबा आत आले. कामाच्या वेळेत भांडाराला कुलूप लावलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः दार धाडकन लोटलं, मूठ अंगठाभर कमी ठेवली आणि डावा हात तिथेच राहू दिला.

"ओढ," ते मामाला म्हणाले.

मामाच्या हातात दोरी होती. "भावोजी, हात काढा."

"रिकामी तोफ आहे, अरे. ओढ."

मामाने मान फिरवली आणि दोरी ओढली. हातोडी कड्यावर खणकन आपटली. बाबांनी चकती काढली. भिंग मागितलंच नाही, अंगठ्याने ती चोळत राहिले, या बाजूने, त्या बाजूने.

"काही नाही," ते म्हणाले. मग मामाच्या खांद्यावर तोच हात ठेवून पुन्हा म्हणाले, "काही नाही रे."

मामाने चष्मा काढून पुसला. तो पुसून होईना. मी रडत होते, हसत होते, काय करत होते देव जाणे. चाराला सहा मिनिटं कमी असताना त्याने कागदावर 'पास' लिहिलं आणि चकत्या डब्यात भरायला घेतल्या. एक कमी भरली.

बाबा दारापर्यंत पोचले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला बटणाएवढा फुगवटा होता.

"भावोजी," मामाने हाक मारली, "चिठ्ठी?"

"नाही देत," बाबा म्हणाले, आणि भांडार उघडायला गेले.