फुगलेला हात

सवतीच्या दुखण्यानं कुणाच्या पोटात दुखतं का? आष्टीच्या गोजरबाईच्या दुखायचं. अन् बराबर दिवेलागणीला दुखायचं!

मूल होईना म्हणून कडूबानं उषाला दुसरी करून आणली, तेही गोजरबाईनं गिळलं होतं. चूल आपल्या हातात आहे ना, मंग येऊ दे काय यायचं ते. पण दिवाळीपासून उषा खोकायला लागली. संध्याकाळी कणकण, पहाटे घाम, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अन् तिथून सगळं फिरलं. शेतातून आला की कडूबा पाय धुवायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावून बघायचा. म्हशीचं दूध तिला, बाज तिला. दळण गोजरबाईला.

अकरा वर्षांच्या संसारात या माणसानं आपल्या कपाळाला कधी हात लावला, हे गोजरबाई आठवून आठवून थकली. एकदाबी न्हाई! लावणार कसा? ती स्वतः मेली कधी आजारीच पडली नव्हती.

"नखरे हायेत समदे," ती शेजारच्या द्वारकाबाईला सांगायची. "खोकायला काय लागतं? हे बघा, मी बी खोकते. खॉक, खॉक!"

परतूरला नवा डॉक्टर आल्ता. कडूबा दोघींना गाडीत घालून घेऊन गेला. डॉक्टरनं उषाच्या छातीला नळी लावली, खोकला किती दिवसांचा ते विचारलं अन् क्षयाचा संशय आहे म्हणाला. मंग दोघींच्या हातावर, कोपराखाली, कातडीतल्या कातडीत बारीक सुई टोचली. कडूबानं "मला काय धाड भरली?" म्हणून आपला हात मागं घेतला.

"तीन दिवसांनी या. गाठ उठते का ते मला बघायचंय. तोवर खाजवू नका, काही लावू नका."

"उठली तर?"

"तर रोगाचं बीज अंगात शिरलंय. अन् नाही उठली तर..."

पण कडूबा तोवर बैल जुंपायला बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशीपर्यंत दोघींचे हात सपाट. गोजरबाईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उद्या हिचा हात फुगला की ही घरची महाराणी, अन् आपण जन्माची मोलकरीण! तिला हेवा सहन होईना. कोनाड्यातला बिब्बा तिनं सुईला टोचून विस्तवावर धरला अन् त्याचं तेल आपल्या हातावर टोचलेल्या जागी लावलं. आग आग झाली. दात आवळून बसली.

सकाळी हात टरारून फुगला होता. उषाचा कोराच.

"आरं तिच्या!" कडूबा म्हणाला. "म्हंजी आजारी ही हाय व्हय?"

"परतूरला जायचं ना?" उषानं विचारलं.

"कशाला? हात दिसून राह्यलेत की! ज्वारी काढणीला आली, अन् तुमचा हेलपाटा कुठं?"

त्या संध्याकाळी कडूबाचा खरबरीत पंजा गोजरबाईच्या कपाळावर टेकला. "ताप तर न्हाई दिसत," तो म्हणाला. "आतून हाय," ती म्हणाली, अन् तिला रडू आलं. दूध प्याली, बाजेवर पसरली, पदराआड हसली.

उषा कुणी सांगायच्या आधीच जात्यावर बसली. दळताना खोकायची, थांबायची, परत दळायची. गोजरबाई बाजेवरून ऐकायची. बरी जिरली, म्हणायची.

पंधराव्या दिवशी जात्यापाशीच उषाला रक्ताची गुळणी आली. पीठ लाल झालं.

परतूरला नेल्यावर डॉक्टरनं तिची थुंकी तपासली अन् क्षयच निघाला. मंग तो गोजरबाईच्या हातावरच्या काळ्या डागाकडं बघत राहिला.

"हा बिब्बा आहे. बाई, तुम्हाला काहीएक झालेलं नाही." कडूबाकडं वळला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. "अन् हिचा हात उठला नाही म्हणून हिला बरी समजलात? फार खंगलेल्या माणसाचा हात कधीकधी उठतच नाही. अंगात दम असेल तर गाठ येणार ना! खोकला दिसत होता, ताप दिसत होता, तरी जात्यावर बसवलीत? पंधरा दिवस आधी आणायची होती हो."

कडूबा डोक्याचं मुंडासं काढून खाली बसला. गोजरबाईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

ती उषाच्या खाटेपाशी गेली. उषा तोवर ग्लानीत होती, डॉक्टरचं बोलणं तिला ऐकू आलं नव्हतं.

"अक्का," उषा हळू म्हणाली, "तुमचा हात उठला तवाच मला कळलं. माझंच दुखणं तुमाला लागलं. म्हणून दळण मीच घेतलं. तुमाला निजाया मिळावं म्हणून. आता बरं हाय ना?"

गोजरबाईनं काळा डाग पडलेला हात तिच्यापुढं धरला. नवरा ऐकतोय हे तिला माहीत होतं.

"बिब्बा लावल्ता म्या, उषे. मला काही झालंच नव्हतं. तुझा लई हेवा वाटला, म्हणून लावला."

गोजरबाई वाट बघत होती. आता ही शिव्या देईल, थुंकेल, झिंज्या उपटेल. देऊ दे! "बोल गं," ती म्हणाली, "भांड माझ्यासंगं."

उषानं तोंड उघडलं. पण खोकल्याची उबळ येईल म्हणून परत मिटून घेतलं अन् भिंतीकडं वळली.