शकरपूरचे आवाज

“पुन्हा आला,” बिपिन म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून नुसता बसून राहिला.

सकाळपासून तीनदा त्याने संस्थेच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढला होता. तिन्ही वेळा कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तो आपला जागच्या जागी हजर. फोल्डरांची नावं पडद्यावर जशीच्या तशी दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण येऊन बसला होता आणि उघडायला जावं तर हाती काही लागत नव्हतं.

कपिलाबेन त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. मूळच्या नर्स. सरकारी नोकरी सोडून वीस वर्षांपूर्वी त्यांनी खंभातजवळच्या शकरपुरात ही दोन खोल्यांची संस्था उभी केली होती, अकीकाचे दगड घासणाऱ्या लोकांसाठी. फिरत्या सराणीवर दगड धरला की पिठासारखी धूळ उडते, ती छातीत जाऊन बसते आणि माणूस चाळिशीच्या आत धापा टाकत मरतो. टीबी समजून त्याला वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

“सगळं गेलं का ते एकदा सांगून टाका,” कपिलाबेन म्हणाल्या. “गुरुवारी गांधीनगरला भरपाईची सुनावणी आहे. आज सोमवार.”

“गेलं नाही, बेन. लपवलंय. माणसं घरातच आहेत, पण दारावर दुसरंच खोटं दार बसवलंय, असं समजा.”

“एक्स-रे मी पुन्हा काढून आणीन. ती रेकॉर्डिंगं कुठून आणू? बोलून गेलेल्या चौसष्टातली एकवीस माणसं आता नाहीत.”

घासणाऱ्यांचं काम घरच्या घरी चालायचं. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, कागदाचा चिटोराही नाही. सुनावणीत दगड पुरवणारा शेठ उभा राहून सांगायचा, या माणसाला मी ओळखतच नाही. म्हणून कपिलाबेन एकेका आजाऱ्याला रेकॉर्डरसमोर बसवत. नाव, गाव, कुणाचे दगड किती वर्षं घासले, सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेत. ते आवाज हाच पुरावा होता.

कोपऱ्यातल्या टेबलाशी रेखाबेन बसली होती. तिचा नवराही धुळीनेच गेलेला. नववी शिकलेली ही बाई चाळिशीत टायपिंग शिकून गेली चार वर्षं इथला कॉम्प्युटर सांभाळत होती. सकाळपासून तिने मान वर केली नव्हती.

“हिच्या भजनांनी केलंय हे,” कपिलाबेन म्हणाल्या. “शंभरदा बजावलं, बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नका म्हणून. पण ऐकतं कोण?”

“एकदाच लावला होता, बेन.”

“विष काय दहादा खावं लागतं? पहिल्या तारखेपासून येऊ नका. मी दुसरं कुणी बघते.”

बिपिनने हार्ड डिस्क काढून रुमालात गुंडाळली. तो जायला निघाला तरी रेखाबेन तशीच, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली होती.

नारंगसर तळ्याच्या रस्त्यावर बिपिनचं दुकान होतं. दहाव्या वर्षापासून अठरापर्यंत तोही सराणीवर बसला होता. थोरला भाऊ खोकायला लागला तेव्हा आईने याला उचलून आणंदला मावशीकडे धाडलं. तिथे तो रेडिओ दुरुस्ती शिकला, पुढे टीव्ही, मग कॉम्प्युटर. भाऊ बत्तिसाव्या वर्षी गेला. बिपिन आता अठ्ठेचाळीसचा होता. जिना चढला की त्याला धाप लागे. कपिलाबेन भेटतील तेव्हा म्हणत, एकदा एक्स-रे काढून घ्या. तो म्हणे, बघू उत्तरायण झाल्यावर. अशा कितीतरी उत्तरायणांचे पतंग उडून गेले होते.

मंगळवारी सकाळी त्याने काम नीट पद्धतीने धरलं. आदल्या दिवशीची चूक त्याला कळली होती. व्हायरस जागा असताना त्याला काढायला जाणं म्हणजे चोर घरात असताना कुलूप बदलणं. त्याने ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि ते मशीन सीडीवरून चालू केलं, म्हणजे डिस्कवरच्या कशालाच उठायला वाव मिळणार नाही. मग आधी अख्ख्या डिस्कची नव्या डिस्कवर नक्कल घेतली. ती पुरी होईपर्यंत तीन तास त्याने कशालाही हात लावला नाही. नक्कल हाती असल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा त्याचा नियमच होता.

मग नकलेवरचं एकेक लपवलेलं फोल्डर त्याने उघडं केलं. एक्स-रे होते. कागद होते. रेकॉर्डिंगं त्याने मोजली. एकसष्ट.

तीन कमी होती.

दुपारी रेखाबेन आली. कार्यालयातले सगळे पेनड्राइव्ह घेऊन यायला त्यानेच सांगितलं होतं, कारण एकातही व्हायरस शिल्लक राहिला तर धुतलेला कॉम्प्युटर पुन्हा बाटणार. तिने रुमाल सोडून सहा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले.

“तीन रेकॉर्डिंगं नाहीयेत, रेखाबेन. शेवटची तीन.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “बिपिनभाई, कपिलाबेनना सांगणार नाही ना?”

“काय झालं ते आधी कळू दे.”

“ती तीन रेकॉर्डरच्या कार्डातच होती. कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर आत काहीच दिसेना. मला वाटलं, मागेच उतरवून घेतली असतील. रेकॉर्डरमध्ये परत घातलं तर म्हणे जागा नाही, पुसू का? मी हो म्हटलं.” तिचा आवाज अगदी खाली गेला. “आणि त्यावर आपल्या बैठकीचं रेकॉर्डिंग केलं.”

“कार्ड कुठाय?”

तिने ते पोलक्यातल्या पाकिटातून काढून दिलं. नखाएवढं कार्ड तिने पाच दिवस अंगावर वागवलं होतं.

बिपिनने कार्डाचीही आधी नक्कल घेतली आणि पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम लावला. पुसलं म्हणजे लगेच नाहीसं होत नाही, जागा मोकळी आहे एवढी पाटी लागते. पण त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं तर संपलं, हे त्याने तिला सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

“चहा घ्या.”

“नको. तुम्ही बघा आधी.”

प्रोग्राम चालू होता तोवर त्याने एकेक पेनड्राइव्ह तपासायला घेतला. भजनांचा निळा त्याने आधी उचलला. व्हायरस होता. वाटलंच होतं. सवयीने त्याने व्हायरसच्या फाइलची तारीख पाहिली. चौदा. मग कार्यालयाच्या डिस्कवर तीच फाइल शोधली. तिची तारीख अकरा, दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

म्हणजे भजनांनी व्हायरस आणला नव्हता. उलट कार्यालयातून तो भजनांच्या पेनड्राइव्हवर गेला होता.

“अकरा तारखेला कार्यालयात कोण आलं होतं?” त्याने विचारलं.

“कोण येणार? तुम्हीच आला होतात. प्रिंटर चालत नव्हता म्हणून.”

बिपिनचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे त्याचा काळा पेनड्राइव्ह असायचा, कायमचा. प्रिंटरचे, आवाजाचे, सगळे प्रोग्राम त्यात होते. अकरा तारखेला त्याने तोच लावला होता. आताही त्याने तो लावला आणि यादीच्या तळाशी ती फाइल सापडली. तारीख नऊ.

नऊ तारखेपासून तो कुठे कुठे गेला होता? कन्याशाळेत. फोटो स्टुडिओत. हलवासन मिठाई विकणाऱ्या पटेलांकडे, आणखी दोन ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी भल्या मनाने खिशातून काढून लावला होता.

“काय झालं, भाई?” रेखाबेनने विचारलं.

गप्प राहणं सोपं होतं. डिस्क धुऊन निघाली की त्या तारखाही जाणार होत्या आणि तारीख वाचता येणारा माणूस आसपास दुसरा नव्हता. बिपिनच्या मनात हे येऊन गेलं नाही असं नाही.

“काही नाही,” तो म्हणाला. “तुम्ही घरी जा. उद्या सकाळी कार्यालयात येतो.”

ती गेल्यावर प्रोग्राम थांबला. दोन रेकॉर्डिंगं सुखरूप मिळाली होती. तिसरं अकरा मिनिटं वीस सेकंदांचं होतं. चार मिनिटांपर्यंत माणूस बोलत होता आणि पुढे नुसती खरखर होती. बिपिनने दुसरा प्रोग्राम लावला, मग तिसरा. खरखर तशीच राहिली.

बुधवारी तो कार्यालयात गेला, धुतलेली डिस्क बसवली, कॉम्प्युटर पाच वेळा बंद-चालू करून दाखवला. बाण गेले होते. कपिलाबेननी एक फोल्डर उघडलं, दोन-चार आवाज ऐकले आणि खुर्चीत बसल्या.

“देवासारखे आलात, बिपिनभाई.”

“एक अर्धंच मिळालं. पुंजाभाईचं.”

“पुंजाभाई दिवाळीतच गेला. शेठचं नाव आहे का त्यात?”

“नाव यायच्या आधीच तुटतं.”

कपिलाबेननी वळून रेखाबेनकडे पाहिलं. त्या बोलणार तेवढ्यात बिपिन म्हणाला, “त्यांचा दोष नाही. व्हायरस माझ्या पेनड्राइव्हमधून आला. अकरा तारखेला, प्रिंटर करायला आलो तेव्हा. कार्डावरची रेकॉर्डिंगं त्यानेच लपवली, म्हणून यांना कार्ड रिकामं वाटलं.”

बाहेरच्या ओट्यावर औषधाला आलेलं कुणीतरी खोकत होतं.

“तुम्ही हे काम शिकलेले,” शेवटी कपिलाबेन म्हणाल्या. “घरोघर जाता. आपला पेनड्राइव्ह तपासायला नको?”

“हवा होता.”

“मी सुई उकळल्याशिवाय कधी कुणाला टोचली नाही, बिपिनभाई. तीस वर्षांत एकदाही नाही.”

“हो, बेन.”

“पुंजाभाईला मी तीनदा बोलावून आणलं होतं त्या रेकॉर्डिंगसाठी. दोनदा त्याला बोलताच आलं नाही. तिसऱ्यांदा बोलला.” त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून बिपिनला ऐकणं जड जात होतं. “हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.”

“रेखाबेन पहिल्या तारखेला घरी बसल्या असत्या.”

रेखाबेन उठली आणि आत पाणी आणायला गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याच दिवशी बिपिन पाचही ठिकाणी जाऊन आला. काय झालं ते सांगितलं, फुकट साफ करून दिलं, प्रत्येकाच्या फाइली परत मिळवून दिल्या. फोटोवाला हसला आणि म्हणाला, असं सांगायचं नसतं वेड्या, धंदा आहे हा. कन्याशाळेच्या मोठ्या बेन, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून आणंदहून माणूस येईल, असं त्यांनी सांगितलं. आठ वर्षांचं काम होतं ते. पटेलांचा फोन त्यानंतर आला नाही.

गुरुवारच्या सुनावणीत त्रेसष्ट जणांची प्रकरणं दाखल झाली. पुंजाभाईचं बाजूला ठेवलं गेलं. मालकाचा पुरावा नाही, असा शेरा पडला. त्याच्या बायकोने, जशीबेनने, शेठचं नाव स्वतः उभं राहून सांगितलं. पण ती कधी सराणीवर बसलेली नव्हती, तेव्हा तिचं सांगणं धरलं गेलं नाही.

शनिवारी दुपारी ती बिपिनच्या दुकानात आली. सोबत कुणी नव्हतं. बिपिन उठून उभा राहिला. ती भांडेल, शिव्या देईल, असं धरून तो चार दिवस वाटच पाहत होता.

“रेखाबेन म्हणाली, थोडं राहिलंय,” ती म्हणाली. “ऐकता येतं का?”

त्याने तिला खुर्ची दिली आणि दुकानातला पंखा बंद केला.

आवाज बसका होता, पण स्पष्ट. “माझं नाव पुंजाभाई. गाव शकरपूर. नऊ वर्षांचा होतो तेव्हा बापाने सराणीवर बसवलं.” मग खोकला, बराच वेळ. कपिलाबेनचा आवाज, पाणी घ्या, घाई नाही. “घाई कसली, बेन. मला आता कुठे जायचंय.” पुन्हा दगडांबद्दल, लाल कुठला, पांढरा कुठला, कुठला जास्त धूळ सोडतो. मग कपिलाबेननी विचारलं, दगड कुणाचे घासायचात? “सांगतो ना. पहिल्यांदा ज्यांच्याकडे होतो ते शेठ...”

आणि खरखर सुरू झाली.

“माझी चूक आहे ती,” बिपिन म्हणाला. “पुढचं मला आणता आलं नाही.”

जशीबेनने ऐकलं की नाही, कळलं नाही. तिची नजर स्पीकरवरच होती. पडद्यावरचा काटा पुढे सरकत होता. खरखर थांबवायला बिपिनने हात पुढे केला.

“असू द्या, भाई,” ती म्हणाली. “अजून बोलतायत ते.”

बिपिनने हात मागे घेतला. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आठवड्यातलं दुसरंच. त्याला त्याने हातानेच थांबायला सांगितलं आणि आवाज न करता तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला.