पावण्यांची खुर्ची

आमच्या बालवाडीत मोठी खुर्ची एकच. बाकीच्या सगळ्या गुडघ्याएवढ्या, लाल-पिवळ्या. राजारामपुरीत दवाखाने आणि क्लासेसच्या गर्दीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या वाट्याला आल्यात. तिथे मोठ्या माणसाची बसायची सोय करायची म्हणजे चार पोरांची जागा गेली. म्हणून ती एकच खुर्ची, आणि ती पाहुण्यांसाठी. मी क्रांती, इथली मुख्य बाई. मी त्या खुर्चीत कधी बसले नाही. बसायला सवड कुणी दिली आहे?

जूनमध्ये जोतीराम सर एका मुलीला घेऊन आले. सरांची संस्था खेड्यापाड्यांतल्या मुलींना बालवाडीच्या कामासाठी तयार करते. मुलीने वर्षभर आमच्यासारख्या चालू बालवाडीत काम करत शिकायचं, शनिवारी कॉलेजात तास ऐकायचे आणि शेवटी कॉलेजच्या मॅडम येऊन तिचा पाठ बघणार. संस्था, कॉलेज आणि आम्ही, अशी तिघांची भागीदारी. भाषणं झाली, नारळ फुटला, फोटोही निघाले.

मुलीचं नाव नाजिया. चंदगडकडच्या एका लहान गावातली. तिथली बालवाडीची बाई लग्न होऊन गेली, तेव्हापासून दाराला कुलूप होतं आणि पोरं दिवसभर आयांच्या मागे काजूच्या बागेतून फिरत होती. नाजिया पाठात पास झाली की ते कुलूप तिने उघडायचं, असं गावाने ठरवलं होतं. नापास झाली तर कुलूप तसंच. इथे ती तिच्या खाला, म्हणजे मावशी, खैरुनबी यांच्याकडे राहायची.

पहिल्या दिवशी तिला दारात पाहिलं ते धोंडुबाईने. धोंडुबाई आमची मदतनीस. पोरांचं खाणंपिणं, शी-शू, झाडलोट सगळं तिच्या अंगावर, आणि आवाज असा की कोपऱ्यावरचे रिक्षावाले वळून बघतात.

"बाई, पावणं आल्यात!" ती ओरडली आणि पदराने खुर्ची पुसून पुढे केली. मागोमाग चहा आला. सगळं बिघडलं ते तिथेच, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाजियाने झाडू उचलला. धोंडुबाईने तो हातातून काढून घेतला. "पावण्यानं झाडू धरायचा व्हय? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. बसा तुमी, मी करतो की!" नाजिया एका पोराचं नाक पुसायला उठली, तर धोंडुबाई फडकं घेऊन आडवी. आणि मी काही वेगळी नव्हते. गोष्ट सांगायला बसले की म्हणायची, "तुम्ही बघा निवांत." मुलगी मान हलवायची आणि बघत बसायची. चहा मात्र रोज मिळाला, आणि तोही आल्याचा. आमच्याकडे पाहुण्याचा मान करायला लागलं की माणसाला भान राहत नाही.

दिवाळीनंतर बैठक झाली. कॉलेजच्या पूर्णिमा मॅडम आल्या, जोतीराम सर आले. आम्ही तिघं सतरंजीवर बसलो, नाजिया भिंतीला टेकून उभी. पलीकडे पोरांची भातुकली रंगात आली होती.

"नाजिया, गोष्ट किती वेळा घेतलीस?" मॅडमनी विचारलं.

नाजियाने नकारार्थी मान हलवली.

"गाणी? हस्तकाम?"

तेही नाही. मॅडम माझ्याकडे वळल्या. "क्रांतीबाई, हाताखाली घेऊन शिकवायचं तुमच्याकडे होतं ना?"

"मला वाटलं, तुम्ही कॉलेजात तयार करून पाठवणार," मी म्हटलं. "अर्धवट शिकलेल्या बाईच्या हातात पोरं कशी द्यायची?"

जोतीराम सर घसा खाकरून म्हणाले, "मी तर तुम्हा दोघींच्या भरवशावर होतो."

तेवढ्यात भातुकलीत रडारड सुरू झाली. मोठ्या खुर्चीत साडेतीन वर्षांची स्वरांजली बसली होती. खाली पोरं मातीच्या भाकऱ्या थापत होती. स्वरांजलीने वाकून मातीला हात घातला की दुसरी पोरगी तिचा हात ढकलायची.

"तू नाजियाबाई हायस न्हवं? तू पावणं. तू काय करायचं न्हाय. बस गप!"

"मला न्हाय व्हायचं पावणं!" स्वरांजलीने भोकाड पसरलं. "मला बी भाकरी करायची हाय!"

आम्ही तिघंही तिकडे बघत राहिलो. मग मी नाजियाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. लाजेने माझे कान तापले.

"अगं, मग बोलली का नाहीस इतके दिवस?" मी म्हटलं. तोपर्यंत मी तिला अहो-जाहो करत होते, ते त्या क्षणी सुटलं.

"एवढा मान दिला तुम्ही सगळ्यांनी," ती म्हणाली. "पाहुण्यानं तक्रार कशी करायची, बाई?"

मग माझं डोकं फिरलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आपण तर तीन घरं!" मी म्हटलं. "सर, तुम्ही पंधरा दिवसांनी येत जा, पण विचारपूस आमची करू नका, हिची करा. मॅडम, शनिवारी काय शिकवलंत ते मला सोमवारच्या आत फोन करून सांगायचं. आणि रोजचं शिकवणं माझं. पोरगी माझ्या चुलीवर आहे. करपली तर मला विचारा, दुसऱ्या कुणाला नाही."

कुणी वाद घातला नाही. मॅडमनी तर तिथेच माझा नंबर घेतला.

धोंडुबाई दोन दिवस फुगून होती. पाहुणचाराला नावं ठेवलेली तिला खपत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली आणि तिथूनच ओरडली, "ए नाजे! हुबी काय ऱ्हायलीस खांबागत? त्या पोराचं नाक बघ की!"

नाजिया हसली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

पुढचे महिने काही गोड गेले नाहीत. तिची पहिली गोष्ट संपायच्या आत निम्मी पोरं उठून घसरगुंडीकडे पळाली. मी रागावले, ती रडली, पुन्हा उभी राहिली. मग एकदा तिने खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि त्यांची चंदगडची एसटी केली. ती स्वतः ड्रायव्हर, कुणी कंडक्टर, कुणी कोंबडी घेऊन निघालेली आजी. वळण आलं की सगळ्यांनी एका बाजूला कलायचं, तिकिटं मोजायची, पाऊस लागला की खिडक्या ओढायच्या. त्या दिवशी एकही पोर उठलं नाही. मागच्या खोलीत मी आणि धोंडुबाईसुद्धा वळणावर कललो.

मार्चमध्ये पूर्णिमा मॅडम पाठ बघायला आल्या. मी मुद्दाम धोंडुबाईबरोबर मागच्या खोलीत थांबले होते. समोर असते तर माझी जीभ मध्ये लुडबुडली असती. दाराच्या फटीतून बघत होते. खुर्च्यांची एसटी भरून चालली होती आणि मॅडम उंबऱ्यात उभ्या.

त्यांना आधी पाहिलं स्वरांजलीने. कुणी दारात आलं की पोरं माझ्याकडे नाहीतर धोंडुबाईकडे धावतात. ती उठली, दोन पावलं आमच्या दाराकडे आलीही. मग थांबली, वळली आणि जाऊन नाजियाची ओढणी ओढली.

"बाई, पावणं आल्यात."

नाजियाने वळून पाहिलं, पण स्टिअरिंग काही सोडलं नाही. "मग धोंडुबाईंना सांग, त्यांना मोठी खुर्ची द्या," ती म्हणाली. "आणि म्हणावं, गाडी घाटात हाय. जरा दम धरा."

मॅडमनी हसून मान हलवली आणि मुकाट्याने दम धरला. नाजियाच्या गावातलं ते कुलूप आता उघडणार, हे मला निकालाच्या आधी तिथेच कळलं. धोंडुबाईने खुर्ची नेऊन ठेवली, परत आली, पदराने डोळे पुसले आणि चहा ओतला. आज तिने कप एकच भरला, पाहुण्यांचा.